आवाज आला की बटण दाबायचं

परेडच्या मैदानावर दोन शब्द कायम ऐकू येतात. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’. माझे मामा चोवीस वर्षं तोफखान्यात होते. २०१६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून सांगलीत, विश्रामबागेत राहायला आले. तेव्हा घरात सगळ्यांनी हा विनोद एकदा तरी करून घेतला, की मामांना आता कायमची ‘विश्राम’ची ऑर्डर मिळाली. मामा हसले नाहीत. त्यांना तो विनोद पटला नाही असं आम्हाला वाटलं. नंतर कळलं की त्यांना तो नीट ऐकूच आला नव्हता.

मामांचा डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा अर्धवट आहे. दोन्हींत एक बारीक शिट्टी सतत वाजते. विश्रामबाग स्टेशन घरापासून लांब नाही. रात्री मधेच ते विचारतात, “गाडी आली का रं?” बऱ्याचदा गाडी आलेली नसते.

तोफखान्यात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान गेले, तर ते कशाने गेले याचं फार संशोधन करावं लागत नाही. तसं कुणी केलंही नाही. निवृत्तीआधीच्या वैद्यकीय मंडळाने कागदावर लिहिलं की हा दोष सैनिकी सेवेमुळे झालेला आहे. त्यापुढे आणखी एक रकाना असतो, दोष किती टक्के. तिथे आकडा पडला वीसच्या आत. त्यामुळे त्या दोषाबद्दल मामांना दरमहा एक रुपयाही मिळत नाही.

मला हे समजलं तेव्हा मी चिडलो. सगळ्यात जास्त चिडलो ते मामांवर. त्याचं कारण सांगायचं तर आधी ती तपासणी कशी होते ते सांगायला हवं.

कानाची तपासणी एका बंद खोलीत होते. कानांवर हेडफोन चढवतात, हातात एक बटण देतात. हेडफोनमधून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज येतात, हळूहळू बारीक होत जातात. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तुम्ही कुठवर बटण दाबलं त्यावरून आलेख तयार होतो आणि त्या आलेखावरून टक्के. शंका आली तर मेंदूचा प्रतिसाद मोजणारी वेगळी तपासणीही करता येते, पण सुरुवात या बटणापासून होते. मामांच्या एका सोबत्याने त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की मधले दोन-चार बारीक आवाज सोडून द्यायचे. फार नाही, दोन-चारच.

मामांनी सोडले नाहीत. मी विचारलं, का? ते म्हणाले, “म्हंजे काय? आवाज आला की बटण दाबायचं असं सांगितलं हुतं. आला, दाबलं.”

हा लेख त्या बटणाबद्दल आहे. मामांचं चुकलं का, हा माझा प्रश्न आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांचे कान आणखी बिघडलेत, त्यामुळे पुन्हा तपासणी व्हावी असा अर्ज करायचा आहे. मामांना मराठी उत्तम येतं, पण अर्जाची भाषा आणि मोबाईलवरचा फॉर्म हे माझं काम. म्हणजे या वेळी एका अर्थाने बटण माझ्या हातात आहे.

आधी आकड्यांचा हिशेब बघू, कारण नैतिक प्रश्न तिथेच दडलेला आहे. मामा निवृत्त झाले त्या काळातला सर्वसाधारण नियम असा: अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असलं पाहिजे, आणि ते किमान २० टक्के असलं पाहिजे. मग नेहमीच्या पेन्शनसोबत अपंगत्वाचा वेगळा हिस्सा मिळतो. १०० टक्के अपंगत्वाला हा हिस्सा शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात कमी. शेवटचं वेतन ४०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांना महिना १२,००० रुपये. २० टक्क्यांना २,४००.

पण टक्के ठरवण्यात मतभेद होतात. एक डॉक्टर ३० लिहितो, दुसरा ४०. हे टाळण्यासाठी १९९६पासून एक सोय आली, पायऱ्यांची. ५०च्या आतलं अपंगत्व असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. सुरुवातीला ही सोय आजारपणामुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांसाठी होती. २०१४च्या डिसेंबरमध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू होते असं ठरवलं. माणुसकीचा निर्णय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच न्यायालयाने २०१९मध्ये हेही स्पष्ट केलं की मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचं अपंगत्व २०च्या आत असेल तर त्याला काहीच मिळणार नाही.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. २० टक्के असेल तर ५० धरले जातात, म्हणजे आपल्या उदाहरणात महिना ६,००० रुपये. १९ टक्के असेल तर शून्य. एका टक्क्याची किंमत ६,००० रुपये महिना, आयुष्यभर. हेडफोनमधल्या दोन-चार बारीक आवाजांची किंमतही तेवढीच.

रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मला मान्य आहे. नागरी जगातही अपंगत्वाच्या बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे, ३९वाल्याला तिथेही दारातून परत यावं लागतं. अमेरिकेत माजी सैनिकांना ० ते १०० असे दहा-दहाच्या पायऱ्यांनी टक्के देतात आणि १० टक्क्यांपासून भरपाई सुरू होते. कानात सतत वाजणाऱ्या शिट्टीला तिथे १० टक्के मिळतात. ती शिट्टी फक्त ज्याची त्यालाच ऐकू येते, म्हणजे तिथेही शेवटी सैनिकाच्या शब्दावरच विसंबावं लागतं. प्रत्येक देशाने, प्रत्येक कायद्याने रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. यावरून एक गोष्ट दिसते, की २० हा आकडा शरीरात कुठे सापडत नाही. तो आपण ठरवलेला आहे. आणि रेघ ओढावी लागली, तरी तिच्या पलीकडे कडाच असला पाहिजे असं नाही. उतारही करता येतो. १९ला थोडं कमी, १५ला आणखी कमी. कडा केला की काठावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आपण खोटं बोलण्याचं आमंत्रण देतो. मग तो खोटं बोलला की म्हणतो, बघा, सगळे असेच.

पण हे टक्के मोजतात तरी काय? इथे मला आमच्याच जिल्ह्यातला माणूस आठवतो. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल तर तुम्हाला ते माहीत आहेत. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी.

पेटकरांची गोष्ट आपण कशी सांगतो याकडे लक्ष द्या. ‘अपंगत्वावर मात केली’ असं म्हणतो. मग तीच गोष्ट नकळत दुसऱ्यांच्या डोक्यावर मारतो. ‘ते बघा, कमरेखालचं काही नसताना पदक आणलं, आणि तुम्ही एका कानाचं रडगाणं गाताय.’ मामांना एका लग्नात हे कुणीतरी ऐकवलं होतं. ते त्यांना ऐकू आलं, कारण ते मोठ्याने म्हटलं होतं.

यात एक साधी चूक आहे. पेटकर तळ्याकाठी बसून राहिले असते तरी देश त्यांचं तेवढंच देणं लागत होता. ते पोहले म्हणून देणं कमी झालं नाही आणि पोहले नसते तर वाढलंही नसतं. कुणी माझं घर पाडलं आणि मी जिद्दीने दुसरं बांधलं, तर पाडणाऱ्याची भरपाई माफ होत नाही. टक्के माणसाची उमेद मोजत नाहीत, त्याचं दुःखही मोजत नाहीत. ते मोजायचा प्रयत्न करतात आपल्याकडच्या देण्याचा. हे एकदा मान्य केलं की दोन्ही बाजूंचा गोंधळ कमी होतो. ‘मी इतका तुटलोय’ हे सैनिकाला सिद्ध करत बसावं लागत नाही आणि ‘हा तर चालतो-फिरतो’ असं कारकुनाला म्हणता येत नाही.

मामांच्या बाबतीत कारण स्पष्ट होतं, तोफा. सगळ्यांचं नशीब एवढं स्पष्ट नसतं. धरमवीर सिंह नावाचे एक जवान १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत धडधाकट. नंतर फिट्स येऊ लागल्या आणि १९९४मध्ये २० टक्के अपंगत्व लिहून त्यांना घरी पाठवलं. मंडळाने शेरा मारला की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं लघुरूप होतं ‘नाना’. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्या फायलींमध्ये नाना म्हणजे, आमचं काही देणं नाही.

धरमवीर सिंह यांना न्याय मिळाला २०१३च्या जुलैमध्ये, सर्वोच्च न्यायालयात. घरी आल्यानंतर १९ वर्षांनी. न्यायालयाचा युक्तिवाद कायद्याचा असला तरी तो कुणालाही समजेल असा आहे. भरती करताना तुम्हीच याला तपासलंत आणि हा निरोगी आहे असं लिहिलंत. आता आजार झाल्यावर तुम्ही म्हणताय की तो याच्यात आधीपासूनच होता. मग तेव्हा का नाही लिहिलं? १९८२चे नियमच सांगत होते की सैनिकाने कारण सिद्ध करायचं नाही, आणि रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. मंडळाला उलट म्हणायचं असेल तर त्याने कारण लिहायला हवं. नुसता शेरा चालणार नाही.

मला यात खरा तात्त्विक प्रश्न दिसतो, आणि तो लष्करापुरता नाही. एखाद्या गोष्टीचं कारण कधीच पक्कं कळणार नसेल, तर त्या न कळण्याचं ओझं कुणी उचलायचं? फिट्स कशाने आल्या? रक्तातून, झोप नसण्यातून, डोक्याला कधीतरी बसलेल्या माराने? डॉक्टरही शपथेवर सांगू शकत नाही. पण न कळणं हे काही हवेत तरंगत नाही, ते कुणाच्या तरी घरात जाऊन बसतं. सरकारने ते घेतलं तर तिजोरीतून थोडे पैसे जातात. जवानाने घेतलं तर त्याच्या मुलीचं कॉलेज सुटतं.

मला वाटतं, ज्याच्या हातात ते शरीर होतं त्याने ओझं उचलावं. फौजेत माणूस कुठे झोपणार, किती झोपणार, काय खाणार, कुठल्या उंचीवर श्वास घेणार, हे तो ठरवत नाही. तो फक्त हुकूम पाळतो. चोवीस वर्षं ज्याने ‘सावधान’ म्हणायचं ठरवलं, त्याने शेवटी ‘हे तुझं तू बघ’ म्हणू नये.

आता दुसरी बाजू. ती नसती तर हा लेख सोपा झाला असता. २०२३मध्ये कॅगच्या अहवालात असं दिसलं की काही वर्षं निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जण अपंगत्वाच्या पेन्शनवर बाहेर पडत होते, तर जवान आणि जेसीओ यांच्यात हे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतं. त्यात रक्तदाब, मधुमेह असे राहणीमानाशी जोडलेले आजारही मोठ्या प्रमाणावर होते. हे वाचून प्रश्न पडतोच. तोफेजवळ कोण उभं असतं आणि टक्के कोणाला मिळतात? फॉर्म कसा भरायचा, मंडळासमोर काय बोलायचं हे ज्याला कळतं, त्याला जास्त मिळतं का? त्याच वर्षी, २१ सप्टेंबरपासून, नवे नियम आले. सरकारचं म्हणणं होतं की खऱ्या जखमींचं रक्षण व्हावं आणि गैरवापर थांबावा. माजी सैनिकांच्या संघटनांचं म्हणणं होतं की काही लोकांच्या लबाडीची शिक्षा सगळ्यांना दिली जाते आहे. मला दोन्हींत तथ्य दिसतं. मधुमेह प्रत्येकाला होतो हे खरं, आणि सतत ताणाखाली राहणाऱ्याला लवकर होऊ शकतो हेही खरं.

पण या वादात एक गोष्ट नजरेआड होते. शंकेचा फायदा हा विश्वासावर चालणारा नियम आहे. विहिरीसारखा. एकाने जास्त उपसलं की शेजाऱ्याची विहीर आटते. दोन-चार आवाज सोडणारा माणूस सरकारला फसवतो असं त्याला वाटतं. खरं तर तो त्याच्या पुढच्या नंबरवर बसलेल्या जवानाचा विश्वास वापरून टाकतो. पुढच्या वेळी डॉक्टर त्या जवानाकडे बघताना भुवया उंचावतो.

आणि पुढच्या नंबरवर आज कोण बसलंय? तुमच्या-माझ्या वयाची मुलं. २०२२पासून भरती होणाऱ्या अग्निवीराला पेन्शनच नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी सानुग्रह रक्कम: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ला २५ लाख, ५०ला १५ लाख. एकविसाव्या वर्षी पाय गेलेल्या मुलाला ती रक्कम पन्नास वर्षं पुरवायची आहे. त्याहून अवघड जागा आहे प्रशिक्षणातच जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांची. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतली मुलंही त्यात आली. ती अजून ‘अधिकारी’ झालेली नसतात, म्हणून माजी सैनिकांचे हक्क त्यांना मिळत नव्हते. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. सेवा नेमकी कधी सुरू होते, हा प्रश्न मणका मोडल्यावर विचारायचा नसतो.

विश्रामबागेत राहणाऱ्यांना विलिंग्डन कॉलेज माहीतच आहे. त्याला ज्या गव्हर्नरचं नाव आहे, त्याच्या पत्नीने १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, मुंबईत अपंग सैनिकांसाठी एक संस्था काढली होती. ती पुढे पुण्याला खडकीला गेली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. जखमी सैनिकांना नवा हुन्नर शिकवायचा, हे तिचं काम. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या राज्यकर्त्यांनाही एवढं कळलं होतं, की ‘विश्राम’ म्हटल्यावर माणूस संपत नाही आणि देणंही संपत नाही.

तर मग, मामांचं चुकलं का?

आधी मला वाटायचं, चुकलं. ज्या व्यवस्थेने १९ आणि २०मध्ये असा कडा ठेवला, तिच्याशी खरं बोलायचं बंधन कसलं? हा युक्तिवाद मी अजूनही पूर्णपणे खोडू शकत नाही. भुकेने कुणी भाकरी चोरली तर मी त्याला चोर म्हणणार नाही, आणि मुलांच्या फीसाठी कुणी दोन आवाज सोडले तर त्यालाही म्हणणार नाही. पण त्या बंद खोलीत आणखी एक गोष्ट घडत होती, ती मला उशिरा दिसली. चोवीस वर्षांत कदाचित पहिल्यांदाच व्यवस्थेने मामांना हुकूम न देता विचारलं होतं: तुम्हाला काय ऐकू येतं? आणि ते सांगतील ते खरं, असं धरलं होतं. मामांनी त्या विश्वासाला तसंच उत्तर दिलं. पुढे ज्यांनी तो आकडा घेतला आणि ‘वीसच्या आत, शून्य’ असं केलं, त्यांनी मात्र उत्तर दिलं नाही. खरेपणा ही दोन्हीकडून पाळायची गोष्ट असते. इथे एकच बाजू पाळत होती. म्हणून चूक झाली असेल तर ती बटण दाबणाऱ्याची नाही. खरं बोलणाऱ्याला महिना ६,०००चा दंड बसेल असा नियम ज्यांनी ठेवला, त्यांची आहे. आपण मागणी करायची तर ती नियम बदलण्याची. मामांनी थोडं जास्त बहिरं व्हावं ही नव्हे.

गेल्या रविवारी मी अर्जाचा मसुदा मोबाईलवर टाईप केला आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं, ‘अर्जदारास दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नाही.’

मामा म्हणाले, “आरं, मग तू आत्ता वाचलंस ते मला कळलं कसं?”

मी ते वाक्य काढलं. त्याजागी काय लिहू, असं विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं. डाव्या कानाने मोटारसायकलचा हॉर्न कळत नाही. फोनवर नात काय म्हणते ते कळत नाही, पण तिचा आवाज आहे एवढं कळतं. रात्री शिट्टीमुळे झोप लागत नाही. ती गाडीची की कानातली हे कुणालातरी विचारावं लागतं.

मी जसंच्या तसं लिहिलं. किती टक्के होतील ते माहीत नाही.